वाचक विचारतात : रशियाच्या जुन्या राजघराण्यांचे चेहरे

मागच्या अंकात आपण इल्या रेपिनचं १८८५ सालचं ते पेंटिंग छापलं होतं, झार इव्हान द टेरिबल रक्ताने भरलेल्या आपल्या मुलाला छातीशी धरून बसलाय आणि त्याचे डोळे अक्षरशः फाटलेत, ते. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखे होते म्हणून ते एकत्र केलेत.

इव्हान खरंच असा दिसायचा का? आणि त्याने खरंच स्वतःच्या मुलाला मारलं का? (पुण्याहून एक वाचक, आणि अजून बरेच जण)

आधी दिसण्याचं सांगते. इव्हान आणि रेपिन यांच्यामध्ये तीनशे वर्षं आहेत. रेपिनने त्याच्या ओळखीतली माणसं समोर बसवून हे चित्र काढलं, मरणाऱ्या राजपुत्रासाठी गार्शिन हा तरुण लेखक बसला होता आणि झारसाठी मुख्यतः म्यासोयेदोव्ह, रेपिनचाच चित्रकार मित्र. म्हणजे आज शाळेच्या पुस्तकांपासून यूट्यूबच्या थंबनेलपर्यंत सगळीकडे जो इव्हान म्हणून फिरतो तो चेहरा एका एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराचा आहे. वास्नेत्सोव्हचं १८९७ चं उंच पेंटिंग, ज्यात इव्हान काठी घेऊन जिन्यावरून उतरतोय, त्याचंही तेच, दोन्ही चित्रं मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहेत आणि दोन्ही महान आहेत पण चेहऱ्याचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग शून्य.

इव्हानला समोर बसवून काढलेलं, खात्रीने सांगता येईल असं पेंटिंग आज उपलब्ध नाही. कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममध्ये लाकडाच्या फळीवर काढलेलं एक जुनं चित्र आहे, लांबट नाक, मोठे डोळे, पण ते त्याच्या हयातीतलं की नंतरचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जर्मनीत छापलेली लाकडी ठशांची चित्रं आहेत, ती बहुतेक ऐकीव माहितीवर काढलेली. मग उरतं काय, तर हाडं. १९६३ साली क्रेमलिनमधल्या आर्कएंजल कॅथेड्रलमध्ये इव्हानची आणि त्याच्या मुलांची थडगी उघडली आणि मिखाइल गेरासिमोव्ह या मानववंशशास्त्रज्ञाने कवटीवरून इव्हानचा चेहरा घडवला. मणक्याची हाडं वाढून एकमेकांत गुंतलेली होती, म्हणजे शेवटच्या वर्षांत हा माणूस वेदनेशिवाय वाकूही शकत नसणार, आणि अवशेषांत पाऱ्याचं प्रमाण भरपूर सापडलं. त्या काळी पारा औषधी मलमात सर्रास वापरायचे, त्यामुळे पारा सापडला म्हणजे विषप्रयोग झाला असं लगेच म्हणता येत नाही.

आता दुसरा भाग. राजपुत्र इव्हान १५८१ च्या नोव्हेंबरमध्ये मेला हे नक्की. भांडण कशावरून झालं याची सगळ्यात गाजलेली हकीकत पोसेव्हिनो या पोपच्या दूताने लिहिली, त्याच्या म्हणण्याप्रमाणे गरोदर सुनेचे कपडे सासऱ्याला अपुरे वाटले, त्याने तिच्यावर हात उचलला आणि मुलगा मध्ये पडला. पोसेव्हिनो मॉस्कोत पोचला तो घटनेनंतर, म्हणजे हेही ऐकलेलंच. थडगं उघडल्यावर निकाल लागेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण राजपुत्राची कवटी इतकी झिजून गेली होती की घाव होता की नव्हता काहीच ठरवता आलं नाही. तरी चित्राची ताकद बघा, १८८५ मध्ये झार अलेक्झांडर तिसऱ्याने त्याच्या प्रदर्शनावर बंदी घातली होती, १९१३ मध्ये एकाने त्यावर सुरी चालवली, आणि २०१८ मध्ये पुन्हा एकाने हल्ला केला. जी गोष्ट सिद्ध झालेली नाही ती एका चित्राने लोकांच्या मनात कायमची सिद्ध करून टाकली. म्हणून मी नेहमी सांगते, राजाचं चित्र समोर आलं की "हा असाच दिसत होता का" याच्या आधी "हे कुणी काढून घेतलं, कधी, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं" हे विचारा. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत मी तेच करणार आहे.

रशियन राजघराण्याचं सगळ्यात जुनं फॅमिली पोर्ट्रेट कुठलं? (ठाणे)

हा प्रश्न वाचून मला खूप आनंद झाला कारण याचं उत्तर एक नाही, तीन आहेत, तिन्ही अकराव्या शतकातली, आणि तिन्ही एकाच घरातल्या भाऊबंदकीला जोडलेली आहेत.

कीवचा राजा यारोस्लाव, ज्याला शहाणा यारोस्लाव म्हणतात, तो १०५४ मध्ये वारला. जाताना त्याने मुलांना बजावलं होतं असं जुन्या बखरीत लिहिलंय, की प्रेमाने राहा, थोरल्याचं ऐका, भांडलात तर बापजाद्यांनी कष्टाने कमावलेली भूमी घालवून बसाल. थोरला इझ्यास्लाव कीवला बसला, स्व्यातोस्लावला चेर्निहिव्ह मिळालं, व्सेवोलोदला पेरेयास्लाव. एकोणीस वर्षं बरंवाईट निभावलं आणि १०७३ मध्ये दोघा धाकट्यांनी मिळून थोरल्याला कीवमधून हाकलून दिलं आणि गादीवर बसला स्व्यातोस्लाव.

त्याच १०७३ साली त्याच्यासाठी एक जाडजूड हस्तलिखित तयार झालं, धर्मापासून व्याकरणापर्यंत सगळ्या विषयांवरच्या उताऱ्यांचा संग्रह. मूळ संग्रह बल्गेरियाच्या सिमेऑन राजासाठी केलेला, त्याची ही प्रत, आणि स्तुतीच्या मजकुरात सिमेऑनच्या जागी आता स्व्यातोस्लावचं नाव. या ग्रंथात आहे ते चित्र. स्व्यातोस्लाव पुढे उभा, सोनेरी किनारीचा निळा झगा, फरची कड असलेली गोल टोपी, मिशा, हातात ग्रंथ. शेजारी बायको, डोकं कापडाने झाकलेलं. सगळ्यात धाकटा पोरगा पुढे आणि मागे बाकीच्या मुलांची डोकी दाटीवाटीने, उंच टोप्यांसकट. सगळं कुटुंब तो ग्रंथ ख्रिस्ताला अर्पण करतंय अशी कल्पना, समोरच्या पानावर सिंहासनावरचा ख्रिस्त होता. किती गोड चित्र वाटतं ना, नवरा बायको आणि पाच मुलगे. पण हे घर थोरल्या भावाला देशोधडीला लावून नुकतंच कीवच्या वाड्यात राहायला आलंय हे कळलं की तेच चित्र वेगळं दिसायला लागतं. देवासमोर उभं राहून, ग्रंथ हातात धरून, पाच वारस मागे घेऊन हा माणूस सांगतोय की मीच खरा राजा. ही पानं १८१७ साली मॉस्कोजवळच्या एका मठात सापडली आणि आता मॉस्कोच्या स्टेट हिस्टॉरिकल म्युझियममध्ये आहेत.

आता दुसरी बाजू. हाकललेला इझ्यास्लाव खजिना घेऊन पोलंडला गेला, तिथे खजिना काढून घेतला आणि त्याला वाटेला लावलं. मग तो जर्मन राजा हेन्री चौथ्याकडे गेला. तिथेही काही हाती लागलं नाही तेव्हा मुलगा यारोपोल्कला त्याने रोमला पोप ग्रेगरी सातव्याकडे पाठवलं, आणि पोपचं १०७५ चं पत्र आजही उपलब्ध आहे ज्यात त्याने रुसचं, म्हणजे कीवचं, राज्य सेंट पीटरच्या वतीने या कुटुंबाला दिलं असं लिहिलंय. इझ्यास्लावची बायको गेर्ट्रूड ही पोलंडची राजकन्या, तिच्याकडे एक लॅटिन स्तोत्रांचं पुस्तक होतं, ट्रिअरच्या आर्चबिशपसाठी शंभरेक वर्षांपूर्वी केलेलं. त्यात तिने स्वतःच्या प्रार्थना लिहून घेतल्या आणि नवी चित्रं घातली. एका चित्रात सेंट पीटर मोठा, भव्य, आणि त्याच्या पायाशी ती स्वतः वाकून पाय धरलेली, शेजारी अक्षरं आहेत, "यारोपोल्कची आई". मागे मुलगा हात पुढे करून उभा आणि त्याच्या मागे सून. दुसऱ्या चित्रात ख्रिस्त स्वतः मुलाच्या आणि सुनेच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. घर गेलं, राज्य गेलं, आणि ही बाई प्रार्थनेत पुन्हापुन्हा मुलाचं नाव घेतेय. मला या सगळ्या विषयात हे एक चित्र सगळ्यात जास्त हलवतं, कारण ते दरबारासाठी काढलेलंच नाही, ते एका आईच्या हातातल्या पुस्तकातलं आहे. आज ते इटलीत चिविदाले गावच्या म्युझियममध्ये आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात. स्व्यातोस्लाव १०७६ मध्ये गाठ कापताना वारला, इझ्यास्लाव परत आला आणि दीडेक वर्षात पुतण्यांशी लढताना मारला गेला, ज्याच्या डोक्यावर चित्रात देव मुकुट ठेवतो त्या यारोपोल्कचाही पुढे खून झाला. आणि ज्या पुतण्यांशी लढताना इझ्यास्लाव पडला त्यातला ओलेग म्हणजे त्या निळ्या झग्यामागच्या पाच मुलांपैकी एक.

तिसरं चित्र पुढच्या प्रश्नात घेते.

कीव तर युक्रेनमध्ये आहे. मग यांना रशियन राजे का म्हणायचं? (एक वाचक, नागपूर)

तुमचं बरोबर आहे आणि हे मी स्वतःहून आधी लिहायला हवं असं आता वाटतंय. त्या राज्याचं नाव रुस, राजधानी कीव, आणि युक्रेन, रशिया, बेलारूस तिघांचाही इतिहास तिथून सुरू होतो. मॉस्कोचं नाव बखरीत पहिल्यांदा येतं तेच ११४७ साली, म्हणजे यारोस्लाव जाऊन नव्वदपेक्षा जास्त वर्षं झाल्यावर. "रशियन राजांची चित्रं" म्हणून जी यादी सगळीकडे असते तिचा पहिला अर्धा भाग कीवचा आहे आणि तसं सरळ सांगितलं पाहिजे. यारोस्लाव युक्रेनच्या २ ह्रिव्हनियाच्या नोटेवर आला आणि रशियाच्या १००० रुबलच्या नोटेवरही आला. युक्रेनच्या नोटेवर त्याला लोंबत्या मिशा आहेत, दाढी नाही, रशियाच्या नोटेवरच्या पुतळ्याला दाढी आहे. हा वाद दाढीमिशीचा नाही हे आजच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही समजेल.

कीवच्या सेंट सोफिया कॅथेड्रलमध्ये यारोस्लावने स्वतःच्या कुटुंबाचं मोठं भित्तिचित्र काढून घेतलं होतं, तीन भिंतींवर पसरलेलं. मधला भाग, ज्यात तो चर्चची छोटी प्रतिकृती हातात घेऊन होता, तो भिंतीसकट गेला. १६५१ मध्ये लिथुआनियन सैन्य कीवमध्ये होतं तेव्हा सैन्याबरोबरच्या वेस्टरफेल्ड नावाच्या डच चित्रकाराने त्याचं रेखाटन केलं होतं, त्याच्या नंतरच्या नकलेवरून आपल्याला मूळ रचनेचा अंदाज येतो. आज सगळ्यात चांगल्या टिकल्यात त्या दक्षिण भिंतीवरच्या चार आकृत्या. एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली त्यांच्यावर रंग चढवून त्यांना संत सोफिया आणि तिच्या तीन मुली करून टाकलं होतं, विसाव्या शतकात तो थर काढला तेव्हा खालचे मूळ चेहरे वर आले. सगळीकडे त्यांना "यारोस्लावच्या मुली" म्हणतात पण त्या मुली की मुलगे यावर अजून वाद आहे, आणि एवढ्या झिजलेल्या रंगावरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सावध राहावं असं माझं मत.

मुलींबद्दल मात्र इतिहास भरपूर बोलतो. एक नॉर्वेच्या हाराल्डला दिली, एक हंगेरीच्या अँड्र्यूला, आणि अ‍ॅना फ्रान्सच्या हेन्री पहिल्याला. अ‍ॅनाचा त्या काळातला खात्रीचा चेहरा कुठेच नाही पण १०६३ च्या एका फ्रेंच दस्तऐवजावर सिरिलिक, म्हणजे आजच्या रशियन-युक्रेनियन लिपीच्या, अक्षरांत "राणी अ‍ॅना" अशी सही आहे. फ्रान्समधल्या सांलिसमध्ये तिचा पुतळा आहे तो खूप नंतरचा.

आणि यारोस्लावचा चेहरा? त्याची संगमरवरी शवपेटी १९३९ मध्ये उघडली, गेरासिमोव्हनेच कवटीवरून चेहरा घडवला, बखरीत लंगडा म्हटलंय त्याचाही पुरावा पायाच्या हाडात मिळाला. २००९ मध्ये पेटी पुन्हा उघडली तर आत यारोस्लावची हाडं नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या गोंधळात ती बाहेर नेली गेली असावीत असं मानतात.

मी अकरावीत आहे. प्रोजेक्टसाठी रुरिकचा फोटो वापरला तर सर म्हणाले हा खोटा आहे. नेटवर तर सगळीकडे तोच आहे. (सातारा)

रुरिक म्हणजे परंपरेप्रमाणे या जुन्या राजघराण्याचा मूळपुरुष. सर बरोबर सांगतायत, पण तुझं चित्रही फेकून देण्यासारखं नाही. लाल-सोनेरी चौकटीत अर्धी आकृती, मुकुट, असं असेल तर ते बहुतेक १६७२ च्या राजनाम्यातलं, ज्याला रशियनमध्ये तितुल्यार्निक म्हणतात. झार अलेक्सेई मिखाइलोविचच्या परराष्ट्र खात्यात हा ग्रंथ झाला, रुरिकपासून अलेक्सेईपर्यंत सगळे राजे आणि शिवाय परदेशी राजे, त्यांची चित्रं, मोहोरा, बिरुदं. कामाचा ग्रंथ होता तो, कुठल्या राजाला पत्र लिहिताना काय म्हणायचं हे चुकलं तर वकिलातीत भांडणं व्हायची. रुरिक परंपरेप्रमाणे ८६२ चा, म्हणजे चित्र ८१० वर्षांनंतरचं. चेहरा पूर्ण कल्पनेतला. पण प्रोजेक्टमध्ये चित्राखाली "१६७२ मध्ये मॉस्कोने कल्पिलेला रुरिक" असं लिही, मग ते शंभर टक्के खरं होतं आणि सरही खूश होतील. आणि एक प्रश्न जोड, रोमानोव्ह घराण्याला, म्हणजे अलेक्सेईच्या घराण्याला, रुरिक पहिल्या पानावर कशाला हवा होता? रुरिकचा वंश १५९८ मध्ये फ्योदोर झार निपुत्रिक वारला तेव्हा मॉस्कोच्या गादीवरून संपला. रोमानोव्ह १६१३ मध्ये निवडून आले. त्यांना जुन्या माळेत आपला मणी ओवून दाखवायचा होता.

खरंखुरं जुनं हवं असेल तर व्लादिमिरची नाणी घे. हा ९८८ चा, ज्याने रुसमध्ये ख्रिस्ती धर्म आणला. त्याने सोन्याचांदीची नाणी पाडली, एका बाजूला तो स्वतः, हातात क्रॉस, लांब मिशा, आणि भोवती लिहिलंय "व्लादिमिर गादीवर". त्याच्या घराण्याची खूण म्हणजे ते त्रिशूळासारखं चिन्ह, तेच आज युक्रेनचं राजचिन्ह आहे. सोन्याची तर अगदी मोजकीच उरलीत. चेहरा ओबडधोबड आहे, पण तो त्याच्या हयातीत त्याच्याच हुकमाने काढलाय, रुरिकच्या त्या सुंदर चित्राला हे कधीच जमणार नाही.

राण्या कुठे आहेत? सगळीकडे दाढीवालेच दिसतात. (कोल्हापूर, डोंबिवली)

दोघींनी जवळजवळ याच शब्दांत विचारलंय. राण्या आहेत, पण त्या कॅनव्हासवर कमी आणि कापडावर जास्त आहेत, आणि त्यांना शोधायचं तर भरतकामाकडे बघावं लागतं, ज्याला कलेच्या इतिहासात उगाच खालचा दर्जा देतात.

आधी एक वस्त्र. मॉस्कोचे मुख्य धर्मगुरू फोटियस यांचा विधीचा अंगरखा, साधारण १४१४ ते १४१७ मध्ये बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यातल्या, कारागिरांनी भरलेला, आता क्रेमलिनच्या आर्मरी म्युझियममध्ये. त्यावर बायझंटाइनचा जॉन पॅलिओलॉग आणि त्याची बायको अ‍ॅना, आणि दुसरीकडे मॉस्कोचा वासिली पहिला आणि त्याची राणी सोफिया. अ‍ॅना ही वासिलीचीच मुलगी, म्हणजे एका कपड्यावर लेक-जावई आणि आईवडील. पण लेक-जावयाच्या डोक्यामागे तेजोवलय आहे आणि मॉस्कोच्या आईवडिलांच्या मागे नाही. कोण वर कोण खाली हे सोन्याच्या धाग्याने सांगितलंय. अ‍ॅना बिचारी १४१७ मध्येच प्लेगने गेली.

आता माझं सगळ्यात आवडतं. १४९८ चं एक भरलेलं वस्त्र, स्टेट हिस्टॉरिकल म्युझियममध्ये आहे. देवीमातेच्या, म्हणजे ख्रिस्ताची आई मेरीच्या, प्रतिमेची मिरवणूक चाललीय, छत्र्या, गाणारे, गर्दी. त्या गर्दीत मॉस्कोचा राजा इव्हान तिसरा आणि त्याचं घर आहे असं अभ्यासक मानतात. हे वस्त्र झालं ते येलेनाच्या कार्यशाळेत. येलेना मोल्दाव्हियाच्या राजाची लेक, इव्हानची विधवा सून, तिचा नवरा इव्हानच्या पहिल्या बायकोचा मुलगा, तो तरुणपणीच वारला होता. त्यांचा मुलगा द्मित्री. आणि इव्हानची दुसरी बायको सोफिया पॅलिओलॉग, बायझंटाइन सम्राटाची पुतणी, तिचा मुलगा वासिली. म्हणजे घरात सावत्र सासू आणि सून, आणि प्रश्न एकच, गादी नातवाला की धाकट्या मुलाला. फेब्रुवारी १४९८ मध्ये इव्हानने नातू द्मित्रीचा राज्याभिषेक केला. येलेना जिंकली आणि तिने तो क्षण कापडावर भरून घेतला, आपला मुलगा आजोबांजवळ, तेजोवलयासह, आणि सासूबाई कडेला. सुई हातात घेऊन केलेलं हे राजकारण आहे हो, आणि किती सुंदर!

सोफियाने काय केलं? १४९९ मध्ये तिने ट्रिनिटी मठाला स्वतःचं भरलेलं वस्त्र अर्पण केलं, आणि त्यावर नाव घातलं ते मॉस्कोची राणी म्हणून नाही, "त्सारग्रादची राजकन्या" म्हणून, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बाई माहेरचं नाव पुढे करते, आणि ते माहेर तर १४५३ मध्येच तुर्कांच्या ताब्यात गेलेलं. १५०२ मध्ये फासे उलटले, इव्हानने सून आणि नातू दोघांना कैद केलं, वासिली वारस झाला. येलेना १५०५ मध्ये कैदेत वारली, द्मित्री १५०९ मध्ये. त्या वासिलीचा मुलगा म्हणजे आपला इव्हान द टेरिबल. म्हणजे रेपिनच्या चित्रातला तो म्हातारा जन्माला येण्याआधी या बायकांची लढाई होऊन गेली होती.

पुढे मॉस्कोत राजघराण्यातल्या बायकांना वेगळ्या महालात पडद्यामागे ठेवायची पद्धत आणखी पक्की झाली, त्यामुळे चित्रंही नाहीत. बदल होतो तो १६८० च्या दशकात, अलेक्सेईची मुलगी सोफिया दोन लहान भावांच्या नावाने राज्य करू लागली तेव्हा. तिने स्वतःचं चित्र छापून घेतलं, मुकुट, राजदंड, मागे दोन डोक्यांचा गरुड, आणि आम्स्टरडॅममध्ये लॅटिन मजकुरासकट त्याच्या प्रती काढून घेतल्या, म्हणजे युरोपला कळावं की मॉस्कोत राज्य कोण करतंय. १६८९ मध्ये भाऊ पीटरने तिला मठात टाकलं आणि तिची ही चित्रं नष्ट करायला लावली. थोड्याच प्रती वाचल्या.

पार्सुना म्हणजे काय? (औरंगाबाद)

सोळाव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्या शतकात रशियात माणसांची जी पोर्ट्रेट्स काढली त्यांना हे नाव आहे. सुरुवातीची अगदी देवाच्या आयकॉनसारखी, म्हणजे चर्चमधल्या पूजेच्या चित्रांसारखी, लाकडाची फळी, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग, सपाट चेहरा, मोठे डोळे. फ्योदोर झारची आणि नंतरच्या वासिली शुइस्की झारचा तरुण सेनापती स्कोपिन-शुइस्कीची पार्सुना याच प्रकारातली, आणि दोन्ही त्यांच्या थडग्यांजवळ लावण्यासाठी काढलेली, म्हणजे माणूस गेल्यावर. त्या काळी जिवंत माणसाचं चित्र भिंतीवर लावायची सवयच नव्हती. त्याच आर्कएंजल कॅथेड्रलच्या भिंतींवर राजांच्या साठांहून जास्त आकृत्या आहेत, जो तो आपापल्या थडग्यावर उभा, सगळ्यांच्या मागे तेजोवलय, संत असो वा नसो.

मग पोलंडकडून आणि परदेशी चित्रकारांकडून तैलरंग आले, राजवाड्याच्या आर्मरीत परदेशी लोक नोकरीला ठेवले. सायमन उशाकोव्हचं १६६८ चं काम आवर्जून बघा, त्रेत्याकोव्हमध्ये आहे. मध्ये देवीमाता, भोवती एक वेल, वेलीच्या फुलांत मॉस्कोचे संत आणि राजे. खाली क्रेमलिनची भिंत अगदी ओळखू येईल अशी, आणि त्या भिंतीच्या आत झार अलेक्सेई एका बाजूला, राणी मारिया दोन मुलांना घेऊन दुसऱ्या बाजूला, दोघं जिवंत असताना काढलेले. वेलीच्या मुळाशी ती लावणारे आणि तिला पाणी घालणारे दोघं म्हणजे चौदाव्या शतकातला मॉस्कोचा राजा इव्हान कलिता आणि धर्मगुरू पीटर. इथेही रोमानोव्ह जुन्या मुळाला स्वतःला जोडून घेतायत, तुमच्या आधीच्या त्या अकरावीच्या मुलाला लिहिलं तसंच.

या राजांच्या काळात कुणी रशियन आपल्याकडे आला होता का? (रेवदंड्याजवळच्या एका वाचकाचा प्रश्न)

तुमच्या तर अगदी अंगणातच! इव्हान तिसऱ्याच्या काळात त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन चौलला उतरला, तिथून जुन्नर, पावसाळ्याचे दिवस तिथे काढले, मग बहामनींच्या बिदरला. त्याच्या टिपणांत बिदरच्या सुलतानाच्या स्वारीचं इतकं बारीक वर्णन आहे, हत्ती, सोन्याची छत्री, वाजंत्री, की माझ्या मते ते शब्दांतलं राजचित्रच आहे, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या राजाचं असं वर्णन त्याने कुठेच केलेलं नाही. परतताना घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ तो वारला. त्याचं त्याच्या काळातलं चित्र नाही, त्वेरमध्ये व्होल्गाकाठी १९५५ चा जो पुतळा आहे त्याचा चेहरा शिल्पकाराचा. रेवदंड्याचं स्मारक २००२ चं.

ही चित्रं भारतात बसून बघायची तर? (बरेच जण)

त्रेत्याकोव्ह आणि क्रेमलिन म्युझियम दोघांच्या वेबसाइटवर चांगले फोटो आहेत. स्व्यातोस्लावच्या ग्रंथातलं पान आणि गेर्ट्रूडच्या पुस्तकातली पानं नावाने सर्च केली की मोठ्या साइजमध्ये मिळतात, दोन्ही दोन खिडक्यांत शेजारी उघडा आणि मगच बघा, एकाच भांडणाच्या दोन बाजू आहेत त्या. कीवच्या सेंट सोफियाचे जुने फोटो शोधताना रंग काढण्याच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही शोधा. आणि फोटोखाली साल लिहिलेलं नसेल तर ते चित्र फॉरवर्ड करू नका.